कुलाब्याचे गणकयंत्र आणि आरक्षणाची खिडकी

आमच्या हाटकेश भागात कोकणातून आलेली घरे पुष्कळ आहेत. गणपतीच्या काही महिने आधीपासून जिन्यात, दुधाच्या दुकानात, रिक्षाच्या रांगेत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘तिकीट झालं का?’ गाडी वसई रोडहून किंवा दादरहून पकडायची असते. तिकीट मात्र घरबसल्या मोबाइलवर, नाहीतर कुठल्याही आरक्षण केंद्राच्या कुठल्याही खिडकीवर काढता येते. मिळाले नाही तर रेल्वेला चार शब्द ऐकवायचे, हेही आता अंगवळणी पडले आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वी ‘कुठल्याही खिडकीवर’ असे म्हणताच येत नव्हते. गाडीगाडीची आणि दिवसादिवसाची वही वेगळी असे. वही ज्या कारकुनापुढे उघडलेली, त्याच्याच खिडकीवर त्या गाडीचे आरक्षण. दोन गाड्यांची तिकिटे हवी असतील तर दोन रांगा. परतीच्या प्रवासाची जागा दुसऱ्या शहरातल्या वहीत नोंदवायची, म्हणून तिथे तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. डब्यावर लागणारा तक्ताही हाताने लिहिलेला. अशी हजारो पाने बंद करून त्यांच्या जागी एक संगणकप्रणाली बसवण्याचे काम १९८५-८६ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि तिथून ते मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत पोहोचले. ती प्रणाली रचणारी कंपनी परदेशी नव्हती. ती भारत सरकारची होती आणि तिचे नाव होते सीएमसी.

सरकारच्या मालकीच्या कंपनीला हे काम जमले कसे, हा प्रश्न विचारत मागे मागे गेलो तर आपण पोहोचतो कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत; आणि भेटतात ते प्राध्यापक रंगस्वामी नरसिंहन. संशोधनसंस्था, उद्योग आणि सरकार या तिन्ही दालनांत वावरलेला हा माणूस. महाराष्ट्रात त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. त्यांचे जवळजवळ सारे महत्त्वाचे काम मुंबईत झाले असूनही नाही. या लेखात त्यांच्या कारकिर्दीचा मागोवा घ्यायचा आहे. पण त्याहून अधिक एका प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. ज्या यंत्रावर पाच वर्षे खर्ची पडली आणि जे पुढच्या पाच वर्षांत मोडीत निघाले, ते यंत्र बांधणे हा अपव्यय होता का?

व्हॉल्व्हचे यंत्र

नरसिंहन यांचा जन्म १७ एप्रिल १९२६ चा, मद्रासचा. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचार अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेला गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्युत अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण आणि मग इंडियाना विद्यापीठात गणितातील पीएच. डी. अशी त्यांची वाटचाल. अभियांत्रिकी आणि गणित असे दोन्ही हात चालणारा तरुण १९५४ मध्ये मुंबईत टाटा संस्थेत दाखल झाला.

होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती. अणुविज्ञानाला प्रचंड आकडेमोड लागते आणि ती हाताने किंवा टेबलावरच्या यांत्रिक गणकांवर होणारी नाही, हे भाभांना दिसत होते. संस्थेच्या उपकरणविभागाची सूत्रे डी. वाय. फडके यांच्याकडे होती. त्याच विभागात इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधण्यासाठी एक छोटा गट तयार झाला. गटात संगणक वापरण्याचा अनुभव असलेले एकटे नरसिंहन. बाकीच्यांनी तो चालवलेलाही नव्हता, मग बांधणे तर दूरच.

तेव्हा भारतात संगणक मिळवण्याचा दुसरा मार्ग होता आणि तो चोखाळलाही गेला होता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये इंग्लंडहून ‘एचईसी-२एम’ हे यंत्र विकत आणले. देशातला पहिला अंकीय संगणक तोच. मुंबईने बांधायचे ठरवले. १९५४ च्या अखेरीस आराखड्याला सुरुवात झाली. १९५६ मध्ये आधी एक लहान पथदर्शी यंत्र चालू झाले. त्यातून धडा घेऊन मोठे यंत्र बांधले गेले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते रीतसर कामाला लागले. कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन करायला पंडित नेहरू जानेवारी १९६२ मध्ये आले, तेव्हा त्यांनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि ‘ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर’ यांचा तो जोड होता.

हे यंत्र म्हणजे नेमके काय होते? सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोध. जुन्या रेडिओत पेटणारे, तापणारे काचेचे व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी तसे अडीच-पावणेतीन हजार व्हॉल्व्ह एका खोलीत एकाच वेळी पेटलेले डोळ्यांपुढे आणावेत. यंत्राची स्मृती चुंबकीय फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली एकेक कडी म्हणजे एकेक अंश, शून्य किंवा एक. तिच्यात २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० अंशांचा. आजच्या मापात हे सारे मिळून दहा किलोबाइट होतात. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याच्या तीनशेपट जागा सहज लागते. आपण वाचत असलेला हा लेखही आजच्या रीतीने साठवला तर टिफ्रॅकच्या स्मृतीत मावणार नाही.

आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून द्याव्या लागत. तरीही अणुभौतिकीपासून इतर शास्त्रांपर्यंतची गणिते या यंत्रावर सुटली. संस्थेबाहेरचे संशोधकही आपापल्या फिती घेऊन येत.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एक व्हॉल्व्ह सरासरी दहा हजार तास टिकतो. एकट्या रेडिओला हे आयुष्य भरपूर झाले. पण एकाच यंत्रात २,७०० व्हॉल्व्ह असतील, तर सरासरीने दर चार तासांच्या आत त्यातला एखादा तरी जाणार. म्हणजे असे यंत्र बांधणाऱ्याला दुरुस्ती हे वेगळे खाते ठेवता येत नाही. कुठला भाग कधी दगा देईल, तो दगा देतोय हे कसे ओळखायचे आणि बाकीचे यंत्र फार वेळ न थांबवता तो कसा बदलायचा, याचा विचार आराखड्यातच करावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवू, कारण पुढच्या कथेत तो पुन्हा येणार आहे.

नेहमीचा निकाल

टिफ्रॅकविषयी इतिहासाने दिलेला निकाल बहुतेक ठिकाणी एकाच वळणाचा आहे. कौतुक करायचे आणि मग हळहळायचे. यंत्र पूर्ण होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. आयबीएमने ट्रान्झिस्टरवर चालणारे १४०१ हे यंत्र १९५९ मध्येच बाजारात आणले होते आणि १९६१ मध्ये ते मुंबईत एस्सो या तेलकंपनीच्या कचेरीत येऊनही बसले. १९६४ मध्ये अमेरिकी सरकारच्या मदतीतून टाटा संस्थेलाच सीडीसी-३६०० हा त्या काळचा अत्यंत बलवान संगणक मिळाला. मग व्हॉल्व्हचे यंत्र कोण वापरणार? टिफ्रॅकचे काम संपले. त्याची दुसरी प्रत निघाली नाही. कारखाना उभा राहिला नाही. एकच नमुना झाला आणि तोही मोडीत गेला.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण हा निकाल यंत्राचा झाला. माणसांचे काय झाले, ते पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

सीडीसी यंत्र आले, तेव्हा ते बसवून घेणारा, त्याच्या पोटात काय आहे ते समजणारा आणि देशभरच्या संशोधकांना ते वापरायला शिकवणारा गट मुंबईत तयार होता. स्वतः नरसिंहन १९६१ ते १९६४ या काळात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे ‘इलियॅक-३’ या यंत्राचा प्रकल्प चालू होता. अतिसूक्ष्म कणांच्या मार्गांची हजारो छायाचित्रे यंत्राने वाचावीत, असा त्याचा हेतू. नरसिंहन यांनी या प्रश्नाकडे निराळ्या नजरेने पाहिले. चित्राला व्याकरण असते, असे त्यांनी मांडले.

देवनागरीचे उदाहरण घेऊन ही कल्पना समजावता येईल. ‘क’ हे अक्षर ओळखायचे तर त्याची हुबेहूब छबी यंत्रात ठेवून ताडून पाहता येते. पण हात बदलला, वळण बदलले की ती पद्धत कोलमडते. त्याऐवजी असे सांगता येते, की एक उभी रेघ आहे, तिच्या डावीकडे एक गाठ आहे, उजवीकडे एक वळसा आहे आणि वर शिरोरेघ आहे. भाग कोणते आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, एवढे नियमांनी सांगितले, की कुणाच्याही हातचा ‘क’ ओळखता यायला हवा. वाक्यात शब्द जसे नियमाने जुळतात, तसे चित्रात भाग जुळतात. पुढे ‘वाक्यरचनेवर आधारित आकृतिओळख’ म्हणून जी शाखा नावारूपाला आली, तिच्या आरंभीच्या प्रवर्तकांत नरसिंहन यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेत राहणे त्यांना अवघड नव्हते. ते परत आले.

भाड्याचे घर

मधल्या काळात भारतात संगणकाची दोन रूपे लोकांसमोर होती आणि दोन्ही सुखावह नव्हती.

पहिले रूप नोकऱ्या खाणाऱ्या यंत्राचे. आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्याच्या कचेरीत संगणक आणायचे ठरवताच कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती रात्रंदिवस पहारे बसवले. बँका आणि विमा कंपन्यांतल्या संघटनांनी देशभर विरोध केला. आज त्याला मागासलेपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरात एका कारकुनाच्या पगारावर सहा माणसे जेवत होती, त्या घरातून तो विरोध पाहायला हवा. मुंबईच्या उपनगरांत अशी घरे हजारोंनी होती. स्वयंचलन कुठे आणि किती येऊ द्यावे, हे ठरवण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. संगणक हा तेव्हा केवळ तांत्रिक विषय राहिला नव्हता; तो रोजगाराचा आणि राजकारणाचा विषय झाला होता.

दुसरे रूप भाड्याच्या यंत्राचे. आयबीएमचे संगणक बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याने दिलेले असत. मालकी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, सुटे भाग कंपनीचे. परदेशात जुनी झालेली १४०१ यंत्रे डागडुजी करून इथे भाड्याने दिली जात आणि वर्षानुवर्षे भाडे चालू राही. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७६ मध्ये या व्यवहारावर कडक टीका केली. भाडेकरूला घराच्या भिंतीत खिळा ठोकायचीही परवानगी नसते. इथे तर घराचा आराखडाही मालकाच्या कुलपात होता.

हे रूप आमच्या भागात अजून पाहायला मिळते. हाटकेश उद्योगनगरातल्या गाळेधारकांना विचारा. बाहेरून आणलेल्या संगणकचलित यंत्राचे नियंत्रण-पेटारे बिघडले, की काम थांबते. कारागीर हुशार असतो. लेथवरच्या शंभर खोड्या त्याला ठाऊक असतात. पण पेटारा उघडायचा नसतो. कंपनीचा माणूस येईपर्यंत वाट पाहायची. एका गाळ्याचे जे होते ते १९७० च्या दशकात रिझर्व्ह बँकेपासून रेल्वेपर्यंत साऱ्या देशाचे होऊ शकले असते.

१९७५ : दोन संस्था

१९७० नंतर दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. आयोगाचे अध्यक्ष होते एम. जी. के. मेनन, भाभांच्या निधनानंतर टाटा संस्थेची धुरा सांभाळणारे शास्त्रज्ञ. त्यामुळे कुलाबा आणि दिल्ली यांच्यात थेट वाट तयार झाली आणि नरसिंहन त्या वाटेवरचे महत्त्वाचे प्रवासी ठरले. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. त्यामुळे देशातल्या संगणकवाल्यांना ते ओळखत होते आणि सरकारला ते ठाऊक होते.

१९७५ च्या आसपास त्यांच्या हातून दोन संस्थांची उभारणी झाली. पहिली, टाटा संस्थेतच संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने उभे राहिलेले ‘राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास आणि संगणनतंत्र केंद्र’. भारतात सॉफ्टवेअर हा शब्दच नवा असताना त्याचे शिक्षण आणि संशोधन करणारे हे केंद्र. पुढे १९८५ मध्ये ते स्वायत्त झाले, ‘एनसीएसटी’ म्हणून जुहूला गेले आणि त्याची सूत्रे एस. रमाणी यांच्याकडे आली. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांना हे नाव ओळखीचे आहे. एनसीएसटीची पात्रता परीक्षा देऊन तिथला पदविका अभ्यासक्रम करणे, हा १९८० आणि ९० च्या दशकांत उपनगरातल्या किती तरी पदवीधरांचा नोकरीचा मार्ग होता. गाडीने विलेपार्ल्याला उतरून जुहूला जाणाऱ्या त्या मुलांना आपण कुलाब्याच्या एका मोडीत निघालेल्या यंत्राच्या वंशावळीत बसतो, हे बहुधा ठाऊक नसावे. भारतातील संगणकजाळ्याची आरंभीची जोडणी याच केंद्राने केली आणि इंटरनेटवर ‘डॉट इन’ हा भारताचा पत्ता सांभाळण्याचे कामही अनेक वर्षे त्याच्याकडेच होते.

दुसरी संस्था म्हणजे २६ डिसेंबर १९७५ रोजी नोंदवलेली ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’. हीच सीएमसी. नरसिंहन तिचे संस्थापक अध्यक्ष आणि प्रेम प्रकाश गुप्ता व्यवस्थापकीय संचालक. नावात ना ‘विकास’, ना ‘राष्ट्रीय’, ना ‘प्रगत’. नुसती देखभाल. वर उल्लेखलेला व्हॉल्व्हचा मुद्दा इथे परत येतो. परदेशी यंत्र आपण बनवू शकत नसलो तरी उघडू शकतो, समजू शकतो आणि चालते ठेवू शकतो, एवढी माफक आणि नेमकी भूमिका या नावात होती. शिवाय एकाच कंपनीची यंत्रे सांभाळायची, असे बंधन नव्हते. ज्याची असतील त्याची सांभाळायची.

इथे तारखेकडे लक्ष द्यावेसे वाटते. आयबीएम भारतातून गेली १९७८ मध्ये. ती का गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना इथल्या शाखेतील हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितले आणि आयबीएमने ते मान्य केले नाही. या घटनेचे श्रेय किंवा दोष जनता सरकार आणि उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या नावावर टाकला जातो. पण आयबीएम गेल्यावर यंत्रे कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर दोन-अडीच वर्षे आधी, आणीबाणीच्या काळात, दुसऱ्याच सरकारने कागदावर आणि मग प्रत्यक्षात उभे केले होते. राज्यकर्ते बदलले, धोरण टिकले. ते टिकले याचे एक कारण असे, की ते घडवणाऱ्यांत फाइलवर शेरा मारणाऱ्यांबरोबर हाताने यंत्र बांधलेली माणसेही होती.

देखभालीतून बांधणीकडे

आयबीएम गेली, तेव्हा देशभरातले तिचे संगणक सीएमसीने ताब्यात घेतले. आयबीएमचे अनेक अनुभवी कर्मचारीही सीएमसीत आले. वीज खंडित झाल्यासारखी स्थिती होईल, पगार थांबतील, बिले थांबतील, अशी भीती होती. तसे काही झाले नाही. व्यवहार चालू राहिले. चालू राहिलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, म्हणून हा प्रसंग लोकस्मृतीत नाही.

पुढची पायरी स्वाभाविक होती. यंत्रे सांभाळता सांभाळता, ती वापरणाऱ्या खात्यांची कामे कशी चालतात हे सीएमसीला आतून कळले. १९८४ मध्ये नावातला ‘मेंटेनन्स’ गळून ते नुसते ‘सीएमसी लिमिटेड’ झाले. रेल्वेचे आरक्षण हे त्यानंतरचे सर्वांत मोठे काम.

हे काम दिसते त्याहून अवघड होते. एक गाडी अनेक स्थानकांवर थांबते, म्हणजे एकच जागा एका प्रवासात दोन-तीन जणांना विकता येते. वर्ग अनेक, कोटे अनेक, सवलती अनेक. रद्द झालेले तिकीट प्रतीक्षायादीत वर सरकवायचे. आणि एका जागेवर दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी हात पडला, तर ती एकालाच द्यायची. वहीच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटलेला होता, कारण वही एकच आणि कारकूनही एकच. खिडक्या शंभर झाल्या की तो सॉफ्टवेअरने सोडवावा लागतो. ‘इम्प्रेस’ या नावाने सीएमसीने तो सोडवला. पुढे रेल्वेच्या स्वतःच्या माहितीप्रणाली केंद्राने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली रचून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली आणि २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागले. मुंबई शेअर बाजारात आरडाओरड्याची जागा पडद्यावरच्या व्यवहाराने घेतली ती मार्च १९९५ मध्ये. ती ‘बोल्ट’ प्रणालीही सीएमसीनेच बसवली.

आणि कारकुनाची नोकरी? निदान आरक्षणाच्या खिडकीवर तरी ती यंत्राने हिरावली नाही. तो खिडकीमागे राहिला. त्याच्यापुढची वही गेली आणि पडदा आला. ज्या यंत्राला लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला होता, ते लोकांच्या रोजच्या उपयोगाचे प्रथम या खिडकीवर दिसले. माझ्या मते भारतात संगणकाबद्दलची भीती ओसरण्यात भाषणांपेक्षा त्या छापील तिकिटाचा वाटा मोठा आहे.

जमेच्या आणि खर्चाच्या बाजू

टिफ्रॅकमुळे रेल्वेचे आरक्षण झाले, असे सरळ सूत्र मांडणे चूक ठरेल. मध्ये पंचवीस वर्षे आहेत, शेकडो माणसे आहेत, अनेक संस्था आहेत. पण एवढे म्हणता येते, की १९७५ मध्ये ‘परदेशी यंत्र आपण सांभाळू शकतो’ हे आत्मविश्वासाने म्हणण्यासाठी ज्याने स्वतः एखादे यंत्र शून्यातून बांधले आहे, असा माणूस लागतो. तो आत्मविश्वास कुठल्याही निविदेत मागवता येत नाही.

खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे लिहायला हवी. संगणक बांधण्याची जी परंपरा टिफ्रॅकने सुरू केली, तिचा उद्योग झाला नाही. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने स्वतःची यंत्रे काढली, पण ती जगाच्या वेगापुढे टिकली नाहीत. सीएमसीतील ५१ टक्के हिस्सा सरकारने २००१ मध्ये टाटा सन्सला विकला आणि २०१५ मध्ये ती कंपनी टीसीएसमध्ये विलीन झाली. एनसीएसटी पुण्याच्या सी-डॅकमध्ये सामावली. नरसिंहन यांनी ज्यांच्या उभारणीत हात घातला त्या दोन्ही संस्थांची नावे आज पाटीवर उरलेली नाहीत.

आणखी एक खर्च खाजगी स्वरूपाचा आहे. नरसिंहन यांचे मन रमत होते ते माणसाच्या वर्तनात. मूल भाषा कसे शिकते, पाहणे आणि बोलणे या क्रिया यंत्रात कशा मांडता येतील, या प्रश्नांत. भाषिक वर्तनाच्या प्रतिमानावरचे त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये आले. भाषा आत्मसात होण्यावरचे दुसरे १९९८ मध्ये आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे तर २००४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. समित्या, केंद्रे आणि कंपनी यांना दिलेली वर्षे या प्रश्नांना मिळाली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण तीन दालनांत वावरणाऱ्या विद्वानाला प्रत्येक दालनात थोडे उपरे राहावे लागते. सरकारला तो फार सैद्धांतिक वाटतो, शास्त्रज्ञांना फार व्यवहारी. त्यांना १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. ३ सप्टेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मोठ्या आवाजात बातमी झाली नाही.

तरीही ही वाट बंद पडली नाही. सुपरकॉम्प्युटर अमेरिकेने नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पवईच्या आयआयटीत १९७१ पासून शिकवणारे दीपक फाटक यांनी कन्वल रेखी माहिती तंत्रज्ञान विद्यालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला, स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटच्या प्रकल्पाची धुरा वाहिली आणि २०१३ मध्ये पद्मश्री मिळवली. यातले काही यशस्वी ठरले, काहींवर टीका झाली. पण वर्गात शिकवणाऱ्याने कारखान्यात आणि मंत्रालयातही उभे राहावे आणि परत वर्गात यावे, ही रीत महाराष्ट्राच्या भूमीत रुजली ती नरसिंहन यांच्या पिढीपासून.

आज पुन्हा भाड्याच्या घराचा काळ आला आहे. आपली माहिती दुसऱ्याच्या संगणकांवर, आपल्या भाषेची यंत्रे दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत. सगळे स्वतःच बांधा, असे कुणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. नरसिंहन यांनीही तसे केले नाही. टिफ्रॅक त्यांनी बांधले, आणि सीडीसी यंत्र आले तेव्हा त्यांच्या गटाने तेही आपलेसे केले. पण घर भाड्याचे असले तरी त्याच्या भिंतीत कुठून वायर गेली आहे, हे घरात राहणाऱ्यापैकी कुणाला तरी माहीत असावे लागते. ती माणसे तयार व्हायला पाच वर्षे लागतात आणि एखादे यंत्र मोडीत घालावे लागते. कुलाब्यात झाले ते एवढेच. तो अपव्यय होता असे मला वाटत नाही.

पुढच्या गणपतीला तिकीट हातात आले, की त्यावरची गाडी, डबा, जागा हे सारे आपण तपासून पाहू. ती जागा आपल्याला आणि फक्त आपल्यालाच मिळाली आहे, याची खात्री असेल. त्या खात्रीमागे एका लांबच्या खोलीत पेटलेले २,७०० व्हॉल्व्ह आहेत.